रानकोंबड्याचं पीस आणि स्कॉटलंडचा गळ

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

कर्जत तालुक्यातलं खांडस भीमाशंकरच्या ट्रेकमुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भल्या पहाटे वर निघालात तर रानातून एक आरवणं ऐकू येतं. गावातल्या कोंबड्यासारखंच, पण तुटक आणि घोगरं. तो राखी रानकोंबडा. शास्त्रीय नाव गॅलस सोनेराती, पिअर सोनेरा या फ्रेंच प्रवाशावरून पडलेलं. आजचा विषय त्याची मान आहे.

नराच्या मानेवरची पिसं काळसर असतात आणि त्यांवर फिकट पिवळे ठिपके. हा ठिपका पिसासारखा मऊ नसतो. नेलपॉलिशचा थेंब सुकावा तसा कडक आणि चमकदार असतो. पाण्यात पडला तरी भिजून चिकट होत नाही. या एका गुणापायी त्याच्यामागे गिऱ्हाईक लागलं, आणि तेही सातासमुद्रापलीकडचं.

गळाने मासा धरायचा तर काहीतरी आमिष लागतं. आपल्याकडे उल्हास, पेज, पाताळगंगेच्या काठी ते सोपं आहे. बांबूची काठी, तंगूस, गरी आणि गरीला गांडूळ. जुलैतल्या गढूळ पाण्यात माशाला दिसतं कमी, तो वासावर येतो. ट्राउटचं वेगळं. हा थंड, स्वच्छ पाण्यातला मासा, आणि तो डोळ्यांनी शिकार करतो. आपल्याकडच्या पाण्यात तो टिकणार नाही. काश्मीरमध्येही तो मूळचा नाही, १९०० साली ब्रिटनहून त्याची अंडी आणली तेव्हा तिथे रुजला.

अशा माशाला फसवायला गरीवर दोऱ्याने केस आणि पिसं बांधून खोटा किडा किंवा खोटा छोटा मासा करतात. हलका असेल तर त्याला फ्लाय म्हणतात. गरीच्या डोक्यावर शिशाचा गोळा असेल तर ती जिग. कॅनडात तलाव गोठला की बर्फाला भोक पाडून त्यातून असली बारकी जिग खाली सोडतात आणि हळूहळू नाचवतात. हे बांधायचं काम मुळात हाताचं. टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात गरी पकडायची, दोऱ्याचे वेढे घालायचे, आणि एकेक पीस नेमक्या कोनात बसवायचं.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये साल्मन माशासाठीच्या फ्लाय भलत्याच नटव्या झाल्या. साम्राज्य जगभर पसरलेलं, त्यामुळे कुठकुठल्या पक्ष्यांची पिसं लंडनला पोचत होती. १८५० च्या आसपासची 'जॉक स्कॉट' ही फ्लाय आजही प्रसिद्ध आहे. तिच्या दोन्ही बाजूंना बसतं आपल्या रानकोंबड्याचं पीस, माशाच्या डोळ्यासारखं दिसणारं. एक डावं, एक उजवं, दोन्ही सारख्या मापाची. म्हणजे एका मानेतून उपयोगाच्या जोड्या निघणार मोजक्याच.

१८९५ साली जॉर्ज केल्सनचं 'द साल्मन फ्लाय' हे जाडजूड पुस्तक आलं. त्यात फ्लायच्या कृती पाककृतीसारख्या दिल्या आहेत. अमुक पक्ष्याचं पीस, तमुक रंगाचा दोरा. माझ्या मते खरी गोम इथे आहे. कोडमध्ये एखादी गोष्ट हार्डकोड केली की नंतर ती काढायला कोणी धजत नाही, तसंच हे. रानकोंबडा छापील कृतीत जाऊन बसला आणि मागणीही पक्की झाली.

त्यातली गंमत बघा. अंडी घालायला नदीत शिरलेला साल्मन जवळजवळ काही खातच नाही! तो फ्लायवर झडप का घालतो, चिडून की जुन्या सवयीने, यावर अजून वाद आहेत. म्हणजे भूक नसलेल्या माशासाठी कोंबडा मारायचा, आणि ती नटवी फ्लाय बघून खूश कोण होणार? बांधणारा आणि त्याचे मित्र.

याच काळात बायकांच्या टोप्यांवरही पिसांची फॅशन होती आणि तो धंदा याहून कितीतरी मोठा होता. १९०२ साली भारत सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं परदेशी पाठवायला बंदी घातली. चोरटा माल तरीही जात राहिला. ब्रिटनने स्वतः आयातीवर कायदा केला तो १९२१ मध्ये. मग १९७२ चा आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज रानकोंबड्याची शिकार आणि त्याच्या पिसांचा व्यापार हा गुन्हा आहे. आपोआप गळून पडलेल्या मोरपिसाला कायद्यात सूट आहे, ती याला लावू नका.

हे वेड जुनं झालं असं वाटत असेल तर २००९ ची गोष्ट ऐका. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका रात्रीत २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली. चोर होता लंडनमध्ये बासरी शिकणारा एक तरुण विद्यार्थी. जुन्या कृतींबरहुकूम फ्लाय बांधणाऱ्यांना ती पिसं हवी होती, आणि तो स्वतः त्यातला पट्टीचा कारागीर. त्यातले काही पक्षी दीडशे वर्षांपूर्वी आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. अनेक कातड्यांवरच्या चिठ्ठ्या त्याने काढून टाकल्या होत्या. पक्षी कुठे, कधी सापडला हे त्या चिठ्ठीवरच असतं. ती गेली की अभ्यासकाच्या दृष्टीने उरतं नुसतं पीस.

रानकोंबड्याचं पीस ब्रिटनमध्ये आजही मिळतं, पण ते तिथेच पाळलेल्या पक्ष्यांचं. शिवाय नकली ठिपक्यांची पिसंही निघाली आहेत.

एपिसोड ऐकून कोणाला हात चालवून बघायचा असेल तर खोपोली किंवा कर्जतच्या बाजारात गावठी कोंबडा विकणाऱ्याकडे मानेची पिसं मागा. तो बहुतेक फुकट देईल आणि वर हसेलही. पिसं साबणाने धुऊन नीट वाळवा, टोकाला पिवळ्या नेलपॉलिशचा एक थेंब द्या आणि पुरता सुकू द्या. गरीवर दोरा घट्ट ओढा, सैल राहिला तर पहिल्याच झटक्याला पीस फिरतं.