एकच रकाना, दोन अडचणी

महाड म्हटलं की आपल्याला रायगड आणि चवदार तळं आठवतं. आज मात्र इतिहास ऐकूया फॉर्ममधल्या एका रकान्याचा.

समजा, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत जन्मापासून कर्णबधिर असलेली एक मुलगी आहे. ती खुणांनी बोलते, ओठ वाचते. शाळेच्या यादीत तिच्यापुढे ‘कर्णबधिर’ लिहिलंय. दहा-बारा वर्षांची झाल्यावर ती तिन्हीसांजेला पायवाटेवर ठेचकाळायला लागते. घरचे म्हणतात, धांदरट आहे. पण हा अशर सिंड्रोम असू शकतो. यात आधी अंधारातलं दिसणं कमी होतं, मग कडेची नजर जाते. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर बघावं तसं फक्त समोरचं दिसतं. म्हणजे ज्या डोळ्यांनी ती ‘ऐकत’ होती, तेच तिची साथ सोडतायत.

अशा मुलांनी जायचं कुठे? मुंबईत बधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली, अंधांची 1900 च्या सुमारास. एक शाळा डोळ्यांच्या भरवशावर शिकवायची, दुसरी कानांच्या. दोन्ही नसलेलं मूल दोन्हीकडून परत. 1955 साली हेलन केलर मुंबईला येऊन गेल्या, तरी अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा व्हायला 1977 उजाडलं. ती बेरोझ वाच्छांनी मुंबईत काढली, नाव हेलन केलर यांचंच. तिथे शिकवायचं साधन म्हणजे स्पर्श, हातावर हात.

कायद्याला त्याहून उशीर झाला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, त्यात हा नव्हता. 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि अंध-बधिरत्वाला नाव मिळालं. शाळकरी मुलांचं दर 5 वर्षांनी सर्वेक्षण करायचं, हेही त्यात आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. ड्रॉपडाउनमध्ये जो पर्याय नाही, तो रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही. आणि पर्याय असला तरी निवडणाऱ्याला तो ओळखता यायला हवा. पहिली नोंद झाली की दुसरी तपासणी कोणी करत नाही, खरी गोची इथेच आहे.

म्हणून एक काम करा. ओळखीत कर्णबधिर मूल असेल तर त्याचे डोळे दरवर्षी तपासून घ्यायला सांगा. दृष्टिहीन असेल तर कान. काही आढळलं तर शाळेत आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रात कळवा. नजर थोडी शिल्लक असतानाच स्पर्शाची भाषा शिकणं सोपं जातं.

भेटू पुढच्या भागात!