सोळा आणे विंडोज

आमच्या मंगळवेढ्यात नवी गोष्ट येते ती सोलापूरहून नाहीतर पंढरपूरहून, आणि बहुधा एस.टी.नं; म्हणजे उशिरा आणि उभ्यानं. त्यामुळं नव्याची आम्हाला घाई नाही. ते दारात आलं की आधी पाणी देतो, 'कुठनं आलात, मुक्काम किती' हे विचारून घेतो आणि मग काय ते ठरवतो. घरच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज १० काढून विंडोज ११ घ्यावं की नाही, हा प्रश्नही आमच्याकडं असाच पाणी पिऊन कट्ट्यावर बसून राहिला.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरमधला शिपाई. बँकेत मॅनेजर रजेवर गेला तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. शिपाई गेला की शाखा ठप्प. किल्ल्या कुठं, कागद कुठं, कोणाला आत सोडायचं, कोणाला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून वाटेला लावायचं, हे सगळं त्यालाच ठाऊक. कॉम्प्युटरमध्ये ही कामं ही सिस्टिम करते. आता असा शिपाई बदलायचा म्हटल्यावर घरात चर्चा होणारच.

या शिपायांची वंशावळ मोठी मजेशीर आहे. १९९५ साली विंडोज ९५ आलं, मग ९८, २००१ साली एक्सपी, पुढं व्हिस्टा, ७, ८ आणि २०१५ साली एकदम १०. मधलं ९ आलंच नाही. आम्ही कॅश मोजताना आठानंतर दहा म्हटलं असतं तर चौकशी बसली असती! २०२१ साली ११ आलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सेवा संपली. सेवा संपली म्हणजे यंत्र बंद पडलं असं नाही; चोर शिरायला नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही, इतकंच.

शिवाय या ११ नंबरशी सोयरीक सहजासहजी जमत नाही. ते आधी कूळ बघतं. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आमचा निघाला सहाव्या पिढीचा. माझ्या लग्नातसुद्धा कोणी इतक्या पिढ्या मोजल्या नव्हत्या. तेव्हा 'विंडोज घ्यावं का' याचा व्यवहारी अर्थ 'नवं यंत्रच घ्यावं का' असा झाला.

चिरंजीव अर्थातच घेण्याच्या बाजूचे. सौ. विरोधात. "अहो, चाललंय की ते! चालत्या गाडीचे बैल कोण सोडतं का?" हा तिचा सवाल.

'चाललंय की' हा युक्तिवाद बँकवाल्यांना नवा नाही. एक्सपीची सेवा ८ एप्रिल २०१४ ला संपली, तरी देशातली कितीतरी एटीएम यंत्रं पुढं वर्षानुवर्षं त्याच्यावरच चालत राहिली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं शंभरावर देशांत धुमाकूळ घातला. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. फट बुजवण्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती ज्यांनी घातली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या सिस्टिमला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं फर्मान काढलं की एटीएममधल्या मुदत संपलेल्या सिस्टिम टप्प्याटप्प्यानं बदला आणि जून २०१९ पर्यंत काम पुरं करा. हे सगळं मी सौ.ला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या घरात एटीएम कुठाय? असतं तर महिनाअखेर अशी गेली असती का?"

आईनं मुद्दा थेट शेतात नेला. "हायब्रीड आलं तवाबी असंच म्हणत होते सगळे, घ्या घ्या म्हणून." तिचंही खरं. सीएसएच-१ हा आपल्याकडचा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ साली आला. उतारा भरघोस, पण बी दर वर्षी विकत घ्यायचं, आणि भाकरीला नि कडब्याला आमच्या काळ्या रानातल्या मालदांडीची सर नाही. मंगळवेढ्यानं रब्बीत मालदांडी सोडली नाही, आणि २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गंमत अशी, की मालदांडी ३५-१ हा वाणसुद्धा १९३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर निवडून काढलेला. म्हणजे आज जिला आपण वाडवडिलांची ज्वारी म्हणतो, तीही एके काळी अपग्रेडच होती! फरक एवढाच, की ती जुन्याच बियाण्यातून निवडलेली होती. जुनं तिच्या पोटात होतं.

तेव्हा माझ्या कारकुनी डोक्यात असं आलं, की नवं काय काय देतं हे दुकानदार सांगतोच. ते जुन्याचं काय करतं, हे आपण विचारावं.

या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेला बदल म्हणजे १ एप्रिल १९५७ चा. तारीख पाहून अनेकांना थट्टा वाटली असेल. तोवर रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट आणि पया एकशे ब्याण्णव. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर 'नये पैसे'. आण्याचे झाले सव्वासहा, आणि सव्वा पैशाचं नाणं टांकसाळीत पडत नसल्यामुळं गिऱ्हाईक आणि दुकानदार त्या पाव पैशासाठी भांडायला मोकळे. पण सरकारनं एक शहाणपण केलं. काही वर्षं जुनी-नवी नाणी बरोबरीनं चालू दिली, हिशोबाचे तक्ते छापले, आणि लोकांच्या हाताला सवय झाल्यावर १९६४ साली 'नया' हा शब्द काढून टाकला. आणा बाजारातून गेला, पण 'सोळा आणे खरं' आणि 'पै पैचा हिशोब' आजही चलनात आहेत. कोणाची पै बुडाली नाही की कोणाची म्हण.

नापास झालेला बदल मोडीचा. आमचं गाव दामाजीपंतांचं. इथं कागदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दुष्काळात पंतांनी बादशाही कोठारं लोकांना मोकळी केली, तेव्हा विठोबा विठूच्या रूपात बिदरला गेला, सगळे पैसे भरले आणि रीतसर पावती घेऊन आला, अशी कथा आहे. प्रत्यक्ष देवालाही पावती लागली! भक्तांना या कथेत भक्ती दिसते. माझ्यासारख्या कारकुनाचे डोळे त्या पावतीपाशी भरून येतात.

तर मोडी. शतकानुशतकं मराठी कारभार ज्या लिपीत चालला, ती छापखाने आणि शाळा बाळबोधीकडं वळल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून गेली. बदल सोयीचाच होता. पण कागद बाळबोधीत कोण आणणार, हे कोणी ठरवलं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे हजारो रुमाल आहेत, आणि ते वाचणारी माणसं मोजकी. २०२३ साली राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा कचेऱ्यांना मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. पणजोबांनी लिहिलं मराठीतच, पणतू शिकला मराठीतच, आणि मध्ये दुभाष्या! त्याआधी २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली होती. लिपीला घर मिळालं, पण कागद वाचायचे अजून बाकीच.

आता म्हणाल, विंडोजच्या गोष्टीत मोडी कशाला? तर आमच्या वडिलांसाठी. अण्णा बाहत्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर मस्टर कारकून होते. निवृत्तीनंतर, २००६ साली, त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी एका बोटानं टाइप केल्या. चौसष्ट पानं. अण्णा आता नाहीत. ती फाइल आमच्या जुन्या यंत्रावर सुरेख मराठीत उघडते, आणि चिरंजीवांच्या फोनवर उघडली की टोप्या घातलेली परदेशी अक्षरं नाचू लागतात.

कारण असं. त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असे. फॉन्ट त्याला वरून मराठी धोतर नेसवी. फॉन्ट नसेल तिथं धोतर फिटलं! हे म्हणजे कोअर बँकिंगच्या आधीच्या खाते नंबरासारखं. त्याच शाखेत चालणार, शेजारच्या शाखेत तो नंबर भलत्याचाच. युनिकोड हे अक्षरांचं कोअर बँकिंग. त्यात 'क' चा खाते क्रमांक २३२५. मंगळवेढ्यात काढा की न्यूयॉर्कात, 'क' च निघणार.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्यात काय, जुना फॉन्ट नव्या यंत्रात टाकू." टाकता येतो. पण म्हणजे प्रत्येक रुमालाबरोबर एक मोडीवाचक कायमचा पाठवायचा. या खेपेला जाईल. पुढच्या खेपेला त्याला कोण ओळखणार?

अखेर घरच्या सभेत ठराव झाला. विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची मुदतवाढ जाहीर झाली होती, ती घ्यायची. मुदतवाढ ही बँकवाल्याच्या रक्तातच असते. तेवढ्यात अण्णांची पानं युनिकोडात आणायची, आणि मगच नवं यंत्र. दोन्ही नाणी काही दिवस बरोबरीनं, सत्तावन सालासारखी. सौ.ला हे पटलं, कारण खर्च पुढं गेला. चिरंजीवांना पटलं, कारण यंत्र येणार हे नक्की झालं.

फॉन्ट बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते वेलांट्या गिळतात आणि रफार भलत्याच्या डोक्यावर ठेवतात. म्हणून रोज रात्री जेवणं झाली की चिरंजीव फोनवरून वाचतात, मी जुन्या पडद्याशी ताळा करतो आणि आई ऐकते. काल प्रोग्रॅमनं 'मिलो' चं 'मालो' केलं. चिरंजीवांना दोन्ही सारखेच. आई म्हणाली, "मिलो रं. अमेरिकेची लाल ज्वारी. त्या साली तीच खाल्ली आपण, अन् सुकडी." मग तिनं अण्णांनी लिहिलेली एक ओळही खोडायला लावली, म्हणाली, "ह्यांनी हे उगीच वाढवून लिहिलंय." मी खोडली नाही. खाली कंसात तिचं म्हणणं नोंदवलं, तारखेसह.

एकतीस पानं झाली आहेत. तेहतीस राहिली.