फिनॉल पचवणारे जीवाणू आणि जपून ठेवलेला गाळ

१८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमा चिघळू नयेत म्हणून कार्बोलिक आम्लाचा, म्हणजेच फिनॉलचा, वापर सुरू केला. तेव्हापासून हे रसायन जंतूंचा कर्दनकाळ म्हणून ओळखले गेले. काही जीवाणू मात्र त्यावरच गुजराण करतात.

दगडी कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल असे. १९१०च्या सुमारास मँचेस्टरमध्ये गिल्बर्ट फाउलर, एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी फिनॉलचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला. पुढे फाउलर यांच्या सूचनेवरून आर्डर्न व लॉकेट शहराच्या सांडपाण्यात हवा सोडून पाहू लागले. आरंभी शुद्धीकरणाला सुमारे पाच आठवडे लागत. मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी काढून तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. प्रत्येक फेरीगणिक वेळ घटत गेला व अखेर २४ तासांच्या आत आला. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी ही ‘सक्रिय गाळ’ पद्धत जाहीर केली. तोवर टाकाऊ समजला जाणारा गाळ म्हणजे जीवाणूंची वाढती वसाहत होती.

१९१६ मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. १९२१ मध्ये तेथे सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख होते. या पद्धतीची ओळख भारताला अशी फार लवकर झाली.

पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या पाण्यात आजही फिनॉल, अमोनिया व सायनाइड असतात. जीवाणूंची विकरे फिनॉलच्या रेणूला ऑक्सिजन जोडतात, त्याचे कार्बनी वलय तोडतात आणि तुकडे नेहमीच्या चयापचयात ओढून घेतात. मागे उरतात कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नव्या पेशी. परंतु ही सवय गाळाला हळूहळू लागते. फिनॉल थोडे थोडे वाढवत गेल्यास तो गाळ ते पचवतो. एकदम भरमसाट आल्यास त्यातले जीवाणू मरतात.

औद्योगिक वसाहतींच्या सामाईक प्रक्रिया केंद्रांपुढे हाच धोका उभा असतो. मेलेल्या गाळाच्या जागी अन्य केंद्रातून जिवंत गाळ आणावा लागतो आणि तो रुळेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. कारखाने तेवढे थांबत नाहीत. एकाने रात्रीतून सोडलेला विषारी लोट मग सगळ्यांच्याच सांडपाण्याला नदीची वाट मोकळी करून देतो.