पार्ल्यात बघण्यासारखं काय आहे?

पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक जेवायला येणारे आणि दुसरे बघायला येणारे. जेवायला येणाऱ्यांची मला भीती वाटत नाही, कारण ते खातं आमच्या हिच्याकडे आहे. बघायला येणारे मात्र आमची किरकोळ रजा खातात. 2023 च्या डिसेंबरात न्यू जर्सीहून काका आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मला मुंबई नको दाखवूस. पार्लं दाखव."

मी चाटच पडलो. जन्मापासून मी पार्ल्यात राहतो, पण पार्ल्यात 'बघायला' म्हणून मी फक्त इंडिकेटर बघितलेला आहे. तोही चर्चगेट स्लो किती मिनिटांत येते एवढ्यापुरता. ही म्हणाली, "त्यांना जुहूला न्या. समुद्र तरी आहे." पण काकांना समुद्र दाखवून चालणार नव्हतं. आमच्यावर जुनं कर्ज होतं.

त्याचं असं झालं. 1996 साली बाबा काकांकडे अमेरिकेला गेले होते. काकांनी त्यांना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा एका दुपारी उरकून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून, डबा बांधून, पकिप्सी नावाच्या गावी नेलं. दोन-अडीच तासांचा रस्ता. बाबांना वाटलं, धबधबा असेल. निघालं कबरस्तान. तिथे कार्पेंटर नावाच्या घराण्याच्या थडग्यांमध्ये एक दगड डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या नावाचा आहे.

या बाई 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. नात्याची ना गोत्याची बाई, सगळी ओळख पत्रांतून झालेली. (आमच्याकडे सख्ख्या आत्याला चार दिवस ठेवून घ्यायचं तर घरात बैठक बसते.) मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून 11 मार्च 1886 रोजी त्या एम. डी. झाल्या. त्या प्रसंगाला त्यांच्याकडे इंग्लंडहून पाहुण्या आल्या, त्या पंडिता रमाबाई! परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाकडे बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत हे नाव बरंच वर असावं. यजमानीणबाईंनी पाहुणीला काय दाखवलं? तर स्वतःचा पदवीदान समारंभ. रमाबाई पुढे अडीच वर्षांहून जास्त अमेरिकेत राहिल्या आणि परत येऊन त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिलं. आनंदीबाईंना मात्र वेळच मिळाला नाही. परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या घरच्यांत ठेवल्या.

बाबा परत आल्यावर सगळी आळी विचारायला आली. "अमेरिकेत काय पाहिलंत?" बाबा म्हणायचे, "कल्याणच्या जोशीबाई." मग जरा थांबून, "एवढ्यासाठी कल्याण लोकल पुरली असती." लोक हसायचे. पण त्या दगडापाशी दोघे भाऊ उभे आहेत तो फोटो त्यांनी हॉलमध्ये लावला, आणि पुतळ्याचे सगळे फोटो पाकिटातच राहिले.

तर आता वसुली पार्ल्यात होणार होती. मी कागदावर आखणी केली. सुरुवात पूर्वेला, पार्ले टिळक विद्यालयापासून. टिळक 1 ऑगस्ट 1920 ला गेले. पार्लेकरांनी 1921 साली त्यांच्या नावाने शाळा काढली आणि 1923 साली लोकमान्य सेवा संघ. म्हणजे तीन वर्षांच्या आत दोन संस्था. आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर बदलायला याहून जास्त काळ लागला. या शाळेत पु. ल. देशपांडे शिकले हे मी काकांना सांगितलं, काका म्हणाले, "मीपण शिकलोय." फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" काका म्हणाले, "सातवी ब." त्याने आम्हाला उभं राहू दिलं, आत काही सोडलं नाही.

मग रिक्षाने पश्चिमेला. 1930 सालच्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यात होती, जमनालाल बजाज त्यातच पकडले गेले आणि दोन वर्षांची शिक्षा होऊन तुरुंगात गेले, असं मी घडाघडा सांगितलं. आदल्या रात्री वाचलं होतं. काकांनी विचारलं, "नेमकी कुठे होती?" मी खिडकीबाहेर हात केला. बाहेर गाड्या उभ्या होत्या. "इथेच कुठेतरी." रिक्षावाल्यानेही मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्याने मला फार आधार वाटला.

जुहूच्या विमानतळाच्या भिंतीपाशी मात्र माझी गाडी रुळावर आली. हा विमानतळ 1928 चा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ नावाचं एवढंसं विमान स्वतः चालवत, अहमदाबादमार्गे, टपालाच्या थैल्या घेऊन इथे उतरले. देशातली विमानवाहतूक तिथून सुरू झाली असं धरतात. बरोबर पन्नास वर्षांनी, 1982 साली, त्यांनी तसंच जुनं विमान घेऊन तोच प्रवास पुन्हा केला. वय 78. काकांनी दोनदा विचारलं, "अठ्ठ्याहत्तर?" आणि मग भिंतीला टेकलेला हात काढून ताठ उभे राहिले. काका तेव्हा पंचाहत्तरीला आले होते.

परत येताना स्टेशनपाशी काकांनी रिक्षा थांबवली. खाली उतरले, डोळे मिटले आणि हवेत नाक वर केलं. मला कळायला क्षणभर लागला. पार्ल्याच्या बिस्किट कारखान्याचा वास! 1929 साली चॉकलेट-गोळ्यांपासून सुरू झालेला कारखाना, 1939 पासून बिस्किटं. आमच्या लहानपणी गाडीत झोप लागली तरी स्टेशन चुकायचं नाही, नाक उठवायचं. काकांनी डोळे उघडून विचारलं, "गेला का रे?"

"2016 साली."

"मला कोणी कळवलं नाही," काका म्हणाले.

बाबा 2020 च्या मे महिन्यात गेले, ते कळवलं होतं. 23 मार्चपासून परदेशची प्रवासी विमानं बंद होती, तेव्हा कळवण्यापलीकडे काही करण्यासारखं नव्हतं. काकांनी सगळे विधी फोनवर पाहिले. त्या दिवसांत पार्ल्यात आयुष्यात पहिल्यांदा इतकी शांतता होती की भटजींचे उच्चार पलीकडच्या बिल्डिंगीत ऐकू जात होते.

संध्याकाळी गॅलरीत चहा झाला. टेबलावर सोसायटीचे पुनर्विकासाचे कागद होते. घर आजोबांनी दोघा मुलांच्या नावावर ठेवलेलं, त्यामुळे काकांची सही लागत होती. सही नाही मिळाली तर आमचं काम तिथेच अडणार होतं, आणि ती मागायची कशी हे मला दिवसभर सुचत नव्हतं. इमारत नवी होणार असली तरी उंच होणार नाही. आम्ही विमानांच्या वाटेखाली, म्हणजे फनेल झोनमध्ये राहतो, तिथे किती चढायचं ते विमानतळवाले ठरवतात. ही गॅलरी मात्र जाणारच.

काकांनी फोटोकडे पाहिलं. म्हणाले, "त्या मे महिन्यात मी एकटाच गाडी काढून पकिप्सीला..."

डोक्यावरून विमान आलं. पार्ल्याचा माणूस विमान आलं की वाक्य आहे तिथे धरून ठेवतो आणि आवाज गेल्यावर पुढे बोलतो. पन्नास वर्षं अमेरिकेत राहून काकांची ती सवय गेली नव्हती. ते कप हातात धरून थांबले. मीही थांबलो. विमान गेलं.

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "कुठे करायची सही?"

मी दाखवलं. तीन ठिकाणी होती.