सहा कवड्या, चौसष्ट दाने

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने सुमारे १९०० वर्षांपूर्वी भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर महिन्याला दरशेकडा एक व्याज, उरलेल्या १००० वर दरशेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. शाळेत शिकवत असताना मी दहावीच्या मुलांना इथे घेऊन येत असे आणि लेखासमोरच तोंडी हिशेब करायला लावत असे. २००० चे वर्षाचे व्याज २४०. वीस बारे २४०. एका कार्षापणाचाही फरक नाही.

या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. पांडव लोकांनी नंतर आणून बसवले. पण पांडव म्हटले की द्यूत आलेच, आणि माझ्यातल्या गणिताच्या मास्तराला दरवेळी एकच प्रश्न पडे. शेकड्याचा हिशेब इतका चोख असलेल्या या मुलखात फाशाचे कोणते दान शंभरात किती वेळा पडेल, हे कोणीच कसे मांडले नाही?

खेळ कमी होता असे मुळीच नाही. वेरूळच्या २१व्या आणि २९व्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळत बसलेले कोरले आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, जुगाऱ्याचे दुःख सांगणारे एक सूक्त आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या जंगलात मिळणारा, त्रिफळा चूर्णात हरडा-आवळ्याबरोबर पडणारा, तोच हा बेहडा. त्या खेळात फळांचा ढीग घालत, त्यातली मूठभर उचलत आणि चारचारने मोजत. बाकी शून्य उरली तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन द्वापर आणि एक कली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला आहे. असे असेल तर या खेळात ज्याची नजर मोजण्यात तयार, तोच मोठा खेळाडू.

नल-दमयंतीची कथा मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. दमयंती आपल्या विदर्भाची. द्यूतात राज्य हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या गावाकडे रथ हाकताना वाटेत बेहड्याचे झाड लागते आणि ऋतुपर्ण चालत्या रथातून सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आहेत आणि २०९५ फळे. नल रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो. आकडा बरोबर येतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो आणि बदल्यात अश्वविद्या घेतो. मोजणी आणि फासे ही एकाच जाणकाराची विद्या आहे, हे महाभारतकारांना ठाऊक होते. पण ती विद्या मंत्रासारखी एकाने दुसऱ्याला द्यायची. ती फळ्यावर मांडून सगळ्या वर्गाला सांगायची नाही.

आता कवड्यांकडे येतो. आमच्या पंचवटीतल्या घरी पटावर कवड्यांनी खेळत. सहा कवड्या ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या. जितक्या उताण्या तितके दान. मात्र एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. लहानपणी हा नियम मनमानी वाटायचा. पुढे गणित शिकलो तेव्हा त्यातले शहाणपण कळले. प्रत्येक कवडीच्या दोन शक्यता, म्हणून सहा कवड्यांच्या २ × २ × २ × २ × २ × २, म्हणजे ६४ निष्पत्ती. एकही उताणी नाही, असे एकाच प्रकारे घडते. एक उताणी सहा प्रकारांनी, दोन पंधरा, तीन वीस, चार पंधरा, पाच सहा, आणि सगळ्या उताण्या पुन्हा एकाच प्रकारे. तीनचे दान ६४ पैकी २० वेळा अपेक्षित, तर पंचवीसचे एकदाच. जे दुर्मिळ त्याला मोल जास्त.

१, ६, १५, २०, १५, ६, १. हे आकडे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते. नांदगाव ओलांडले की चाळीसगाव. त्या तालुक्यातल्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखात १२०७ सालच्या दानाची नोंद आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत विचारले आहे की गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांतून एक, दोन, तीन असे घेत किती पदार्थ होतील? उत्तर ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. एकही रस न घेण्याचा प्रकार त्यात मिळवा, म्हणजे ६४. आपल्या कवड्यांचाच तक्ता हा! उरला होता फक्त भागाकार, आणि भागाकार तर उषवदाताच्या विणकरांनाही येत होता.

हा भागाकार १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात झाला. आपल्याकडे तो झाला नाही, याचे माझ्या मते एक कारण असे: कवडी कशी पडते ते दैवाच्या हाती मानले गेले, आणि जुगार हे व्यसन ठरल्याने शास्त्रकारांनी त्याला उदाहरणाचा मान दिला नाही. स्वयंपाकघरातले सहा रस चालले, पटावरच्या सहा कवड्या चालल्या नाहीत.

मुलांना यात एक अडचण लगेच दिसते, आणि ती दिसलीच पाहिजे. कवडी म्हणजे नाणे नव्हे. तिची पाठ फुगीर, पोट चपटे. उताणी आणि पालथी या समसंभाव्य निष्पत्ती आहेत, असे बसल्या जागी म्हणता येत नाही. टाकून, नोंदून पाहावे लागते. पुस्तकातल्या नाण्याने हा धडा मिळत नाही.

जाता जाता देवळालीची एक गोष्ट सांगतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ तिथे शाळामास्तर होते. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा (उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. फक्त चारही अंक सारखे नकोत. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांच्या चिठ्ठ्या करून एक उचलली, तर ६१७४ ला पोहोचण्याची संभाव्यता ८९९१ भागिले ९०००, म्हणजे बरोबर ०.९९९. ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे काय, हे याहून चांगले मला कधी समजावता आले नाही.

दहावीच्या गणित भाग १ मधले संभाव्यतेचे प्रकरण नाणी, फासे आणि पत्त्यांवर चालते. ते जरूर शिकवावे. पण शिक्षकांना माझी विनंती आहे की त्याआधी एक तास वेगळा काढा. रामकुंडाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून सहा कवड्या आणा, फळ्यावर भास्कराचार्यांच्या सहा रसांची ओळ लिहा, आणि मुलांना दान टाकून नोंदी करू द्या. मग त्या नोंदी ६४ च्या तक्त्याशी ताडून पाहायला सांगा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे का, ते मुलांनाच शोधू द्या.