भाताच्या मोलाने आलेले सात जण

हजीऱ्याच्या पोलाद कारखान्याच्या नावात २०१९ नंतर 'निप्पॉन' हा शब्द आला, तेव्हा आमच्या मराठी वस्तीत जपानची नवलाई सुरू झाली. मला मात्र वाटते, सुरतेकडे पोटासाठी आलेल्या खानदेशी माणसाला जपान कितीतरी आधी भेटला होता; तेव्हा त्याचे नाव 'शोले' होते इतकेच.

अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' १९५४ चा. कथेचा काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे आपल्याकडे शहाजीराजांच्या जन्माच्या आसपासचा. धनी नसलेल्या सामुराईला जपानीत 'रोनिन' म्हणतात; आपल्या भाषेत चाकरी सुटलेला शिलेदार. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी असे सात जण गावात आणतात. मोल काय, तर पोटभर भात! स्वतः मात्र ते भरडधान्यावर दिवस काढतात. ज्यांच्या घरी भात सणासुदीलाच शिजत असे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९६० मध्ये ही गोष्ट 'द मॅग्निफिसन्ट सेव्हन' होऊन अमेरिकेत गेली. गंमत अशी की, कुरोसावा स्वतः जॉन फोर्ड यांच्या काउबॉयपटांचे चाहते. तेव्हा उसने घेतलेले व्याजासह परत गेले म्हणायचे. (त्यांच्या 'योजिम्बो'वरून इटलीत सर्जिओ लिओने यांनी परवानगीविनाच चित्रपट काढला, ते प्रकरण मात्र वकिलांपर्यंत गेले.) १५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेल्या 'शोले'त सलीम-जावेद यांनी सातांचे दोन केले. चित्रीकरण कर्नाटकातील रामनगरचे, आणि गब्बरपुढे थरथरणारा कालिया म्हणजे आपले विजू खोटे!

या प्रवासात एक गोष्ट मात्र गळाली, आणि मला तीच मोलाची वाटते. कुरोसावांच्या गावात शेतकरी बांबूचे भाले घेऊन कवायत करतात, कुंपण घालतात, शेतांत पाणी सोडून वाट अडवतात. रामगढचे लोक बहुतेक वेळ बघे. तिथे लढाई ठाकूरच्या सूडाची होते आणि गाव मागे पडते. राजकुमार संतोषी यांनी १९९८ च्या 'चायना गेट'मध्ये बडतर्फ फौजी आणले, तरी ही उणीव काही भरून निघाली नाही.

सात सामुराईंपैकी चौघे मरतात, तेही चौघे बंदुकीच्या गोळीने. तलवारीने एकही नाही. उरलेला म्होरक्या म्हणतो की, जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे. वर टेकडीवर चौघांची थडगी, आणि खाली गाणी म्हणत भातलावणी चाललेली.