महेश्वर : घाट, साडी आणि आपली मराठी

इंदूरच्या आपल्या लोकांना महेश्वर काही नवं नाही. महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, की आलंच. साधारण ९० किलोमीटर. सकाळी पोहे खाऊन निघालं की रात्री जेवायला घरी. घाटावर बसायचं, नावेतून बाणेश्वर पाहायचं, बायकांनी एखादी माहेश्वरी घ्यायची, झाली सहल. पण हे गाव आपल्या भाषेचंही एक जुनं ठाणं आहे, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पुराणातली माहिष्मती म्हणजेच महेश्वर, असं बरेच अभ्यासक मानतात. काही जण तो मान ओंकारेश्वराला देतात. कालिदासाच्या 'रघुवंशा'त सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराच्या वेळी माहिष्मतीचा आणि तिला बिलगून वाहणाऱ्या रेवेचा उल्लेख येतो. रेवा म्हणजे आपली नर्मदाच.

मराठीचा काळ त्यानंतर फार पुढचा. १७६६ मध्ये मल्हारराव होळकर गेले. पुढच्या वर्षी अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि राजधानी महेश्वरला केली. १३ ऑगस्ट १७९५ ला त्यांचं निधन झालं, तोवर जवळपास अठ्ठावीस वर्षं दौलतीचा कारभार इथून चालला, तोही मराठीत, मोडी लिपीत. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी त्यांच्याकडे आले होते आणि बाईंच्या सांगण्यावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी कथा आहे. मोरोपंतांनीही आर्येतून बाईंची थोरवी गायली.

मला मात्र कवितेपेक्षा पत्रांचं मोल जास्त वाटतं. पुणे दरबारचे वकील महेश्वरला राहून इथल्या खबरा पुण्याला लिहून पाठवत. ती पत्रं पुढे द. ब. पारसनीसांनी 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' या नावाने छापली. दोनशे वर्षांपूर्वीचं रोजच्या कामकाजाचं मराठी गद्य नर्मदाकाठी लिहिलं गेलं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मागच्या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन गेलो होतो. राजवाड्यात बाईंची साधी गादी पाहून धाकटा म्हणाला, "आजोबा, ये मराठी बोलती थीं क्या?" मी म्हटलं, "अरे, चौंडीची लेक ती, नगरकडची. बोलायची आणि लिहायचीसुद्धा." त्याला ते खरंच वाटेना. महेश्वर त्याने आजवर सिनेमात पाहिलेलं, सगळं हिंदीत.

१८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आली. होळकरांच्या चाकरीत कारकुनी, फडणिशी करणारी घराणीही इकडे स्थिरावली. त्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अजून मोडीतले कागद आहेत: सनदा, वाटणीपत्रं, देण्याघेण्याच्या याद्या. घर पाडून फ्लॅट बांधताना हेच कागद आधी रद्दीत जातात, कारण वाचणारं कुणी उरलेलं नाही.

एवढीच विनंती. ट्रंक उघडा. कागद फेकू नका, घडी जोर लावून उलगडू नका, आहे तसे फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. मोडीचे वर्ग आता ऑनलाइनही असतात. घरातल्या एकाने तरी शिकावं. आणि पुढच्या वेळी मुलांना महेश्वरला न्याल तेव्हा साडीच्या दुकानाआधी राजवाड्यात न्या, आणि तिथली गोष्ट त्यांना मराठीत सांगा.